आधी वही उघडा, माफीचं नंतर पाहू

इंदूरच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय ४८. यजमान दवा बाजारात एका औषध व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होते. घर जुनं, दुमजली. वर मोठे दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी. खाली या, यजमान, मुलगा आणि सासूबाई. २०२१ च्या पाडव्याला, १३ एप्रिलला, दोन्ही मजल्यांची माणसं खाली एकत्र जेवली. १७ तारखेला यजमानांना ताप आला, रामनवमीला दवाखान्यात हलवावं लागलं, २ मे रोजी ते गेले. वय ४७. त्या वर्षाअखेरीस सरकारी मदतीच्या ५० हजारांसाठी कागद जुळवताना घरच्या फाईलमध्ये दिरांचा कोरोनाचा रिपोर्ट हाती लागला. नमुना १० एप्रिलचा, रिपोर्ट १२ एप्रिलचा, पॉझिटिव्ह. दिरांनी हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आजही सांगितलेलं नाही. भगिनींनी तो कागद फक्त सासूबाईंना दाखवला. त्या रडल्या आणि म्हणाल्या, ‘आता बोलून काय, गेला तो गेला.’

आता वैशाखात दिरांच्या मुलीचं लग्न आहे. तिचा हट्ट आहे की पहिलं केळवण काकूकडेच. सासूबाई म्हणतात, माझे डोळे मिटायच्या आत मनातलं काढून टाक. सत्संगातल्या बायका म्हणतात, माफ कर, तूच मोकळी होशील. भगिनी लिहितात: ‘रोज देवापुढे म्हणते, माफ केलं. संध्याकाळी जिन्यावर त्यांची पावलं वाजली की पोटात गोळा येतो. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की हातातलं काम सुटतं. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. ह्यांचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. माफ केल्याशिवाय यातून सुटका नाही असं सगळे म्हणतात. मला जमत नाही म्हणजे माझ्यातच खोट आहे का?’

ताई,

तुमच्या पूर्ण पत्रात ‘माफ’ हा शब्द अकरा वेळा आला आहे, मी मोजला. काय माफ करायचं आहे, हे मात्र एकदाही आलेलं नाही.

तुमचे यजमान हिशेबनीस होते, म्हणून त्यांच्याच कामातला दाखला देते. कर्ज माफ करायचं तर आधी खातं उघडून आकडा बघावा लागतो. मुद्दल किती, व्याज किती, कुणाच्या नावावर. आकडा न बघताच ‘जा, सगळं माफ’ म्हणणाऱ्या सावकाराला मी उदार म्हणणार नाही. त्याला वही उघडायची धास्ती वाटत असते. तुम्ही रोज देवापुढे जे म्हणता ते बंद वहीवर सही केल्यासारखं आहे. मनाला ते पटत नाही, आणि मन बरोबर आहे. खोट तुमच्यात नाही.

वही मी उघडून बघते. चुकलं तर तुम्ही दुरुस्त करा.

पहिली नोंद रिपोर्टची. १२ एप्रिल ही तारीख तुमच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली आहे: आदल्या दिवशी माहीत होतं आणि तरी जेवायला आले. पण ताई, कागदावर छापलेली तारीख आणि कागद हातात पडल्याची तारीख एकच असेल असं नाही. त्या एप्रिलात तर मुळीच नाही. लॅबमध्ये नमुन्यांचे ढीग होते, कुणाला मोबाईलवर निरोप येई, कुणाला चकरा माराव्या लागत, कुणाचा रिपोर्ट माणूस बरा झाल्यावर यायचा. दिरांना बाराला कळलं, तेराला जेवण झाल्यावर कळलं की पंधराला, हे त्या कागदावरून ठरत नाही.

लगेच ‘म्हणजे ते निर्दोष’ असं ऐकू नका. त्याच कागदावर दुसरी तारीख आहे, तिच्याकडे तुम्ही फारसं पाहिलेलं दिसत नाही. १० एप्रिल. नाकात काडी घालून घ्यायला कुणी हौसेनं जात नाही. अंगात काहीतरी होतं, मनात शंका होती, म्हणून गेले. आणि ती शंका घेऊन तीन दिवसांनी खाली आले, एक शब्द न बोलता. एवढं पक्कं आहे. रिपोर्ट कधी का मिळाला असेना, ही नोंद पुसली जात नाही.

त्या दिवसाबद्दल तुम्ही ओझरतं एक लिहिलं आहे: ते पंगतीत बसले नाहीत, पोट बरं नाही म्हणून दाराशी खुर्ची टाकून बसले आणि श्रीखंडही नको म्हणाले. तुम्ही तो पुरावा म्हणून दिला आहे. पुरावा आहेच. मला त्या खुर्चीत आणखीही काही दिसतं. सांगायची हिंमत नाही, पण लांब बसायचं तेवढं सुचतंय, असा माणूस. शहरात कोरोना कर्फ्यू, घरात म्हातारी आई, वरून सण. ‘मला बरं नाही, तपासणी करून आलोय’ म्हटलं की घराबाहेर बॅरिकेड लागणार, गल्लीत बोभाटा होणार, भावाची नोकरी अडणार. भित्रेपणाचं खातं वेगळं आणि दुष्टपणाचं वेगळं. भित्रेपणानंही माणूस दगावतो, हे मला कळतं. तरी खाती एकत्र करू नका.

दुसरी नोंद सगळ्यांत अवघड. त्यांच्यामुळे यजमान गेले का?

लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण २ ते १४ दिवस जातात. १७ तारखेपासून मागे मोजलं तर ३ ते १५ एप्रिल. पाडवा त्यात बसतो. पण त्याच दिवसांत तुमचे यजमान रोज कामावर जात होते, औषधांची दुकानं बंद नव्हती. आणि ते दिवस कुठले? रेमडेसिविरसाठी दवा बाजारासमोर रांगा लागल्या होत्या ते. घराघरांतले पेशंटचे नातेवाईक चिठ्ठ्या घेऊन दुकानात घुसत होते आणि ते बिलं लिहीत होते. शिवाय तुमचा जिना एक, मागचं अंगण एक. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस आजार पसरवू शकतो. म्हणजे दिरांना स्वतःला शंका यायच्या आधीच जिन्यात तो मिळाला असू शकतो. किंवा दुकानात. किंवा पाडव्यालाच. यातलं काहीही सिद्ध होणार नाही, आज नाही आणि कधीच नाही.

हा ‘कदाचित’ फार जड आहे. ‘त्यांनी मारलं’ हे वाक्य जवळ असलं की निदान पाठ टेकायला भिंत असते. ती मी काढून घेते आहे, त्याबद्दल तुम्ही माझ्यावर चिडलात तर मला वाईट वाटणार नाही. पण मला वाटतं, तुमच्या देवापुढच्या माफीचं गाडं इथंच रुततं. ‘ह्यांचा जीव घेतला ते माफ केलं’ असं म्हणायला जाता, आणि मन विचारतं, घेतला का? की नाही घेतला? मग पहाटे तीनला पुन्हा तोच खटला उभा. जे घडल्याचं ठरलेलंच नाही ते माफ कसं करणार? ही नोंद ‘अनिर्णित’ म्हणून ठेवायला शिकावं लागेल. माफीपेक्षा ते कठीण आहे, असं माझं मत.

तिसरी नोंद तुम्ही पत्रात कुठेच वेगळी काढलेली नाही, आणि मला तीच सगळ्यांत मोठी वाटते. पाच वर्षांचं गप्प राहणं. पाडव्याची चूक एका दिवसाची होती. ही रोज होते आहे. हे व्याज आहे. जिन्यावरची पावलं ऐकून तुमच्या पोटात गोळा येतो तो मला पाडव्याचा वाटत नाही. ती पावलं रोज तुमच्या दारावरून न थांबता वर जातात, त्याचा वाटतो.

आणि जमेची बाजू. एका ओळीत तुम्ही लिहिलं आहे की इंजेक्शनसाठी रात्ररात्र दीरच धावले, स्वतः धड उभं राहता येत नव्हतं तरी. ती ओळ तुम्ही खोडून पुन्हा लिहिली आहे. राहू द्या ती. पण वजाबाकी करू नका. ते धावले म्हणून लपवणं मिटत नाही, लपवलं म्हणून धावणं खोटं ठरत नाही. जमा-खर्च जुळलाच पाहिजे हा नियम दुकानात ठीक.

आता तुमच्यावर जो धोशा लागला आहे त्याबद्दल. आपल्या इंदुरात भाद्रपद आला की जैन शेजाऱ्यापाजाऱ्यांचे ‘मिच्छामि दुक्कडम्’चे निरोप सगळ्यांच्या फोनवर येतात. आपणही हात जोडल्याचं चित्र परत पाठवतो आणि विसरतो. त्या प्रथेतली एक गोष्ट मला नेहमी थांबवते. तिथे माणूस आधी स्वतःच्या चुकांची क्षमा मागतो. सुरुवात मागणाऱ्यानं करायची असते. तुमच्या घरात ज्यानं मागायची तो वरच्या मजल्यावर गप्प आहे, आणि त्याच्या वतीनं आई मागते, सत्संग मागतो, लग्नाचा मुहूर्त मागतो. न मागता माफी देता येत नाही असं मी म्हणत नाही. येते. पण ती तुमची देणगी असते, तुमच्याकडून वसूल करायची बाकी नसते.

सत्संगात नाथांची गोष्ट सांगतात असं तुम्ही लिहिलंत. गोदावरीवरून स्नान करून येताना अंगावर थुंकणारा, आणि दर वेळी पुन्हा स्नानाला जाणारे एकनाथ. गोष्ट मोठी आहे, माझीही आवडती आहे. पण थुंकी पडत होती ती नाथांच्या स्वतःच्या अंगावर. माफ करायचा अधिकार त्यांचाच होता. तुमच्याकडे ज्याचं सगळ्यांत जास्त गेलं तो माणूस आज नाही. त्याच्या वाट्याची माफी तुम्ही देऊ शकत नाही, सासूबाईही देऊ शकत नाहीत. मुलाचा बाप गेला, तो वाटा मुलाचा. तुमच्या हातात फक्त तुमचा वाटा आहे. त्यातलं काय सोडायचं, केव्हा सोडायचं, हे तुम्ही ठरवायचं.

(अहिल्याबाईंचा दाखलाही दिलाच असेल कुणीतरी. इंदुरात कुठल्याही विधवेला तो चुकत नाही. १७५४ मध्ये कुंभेरीला नवरा गेला, १७६६ मध्ये सासरे, १७६७ मध्ये मुलगा, आणि पुढची २८ वर्षं राज्य चालवलं. यातून आपण ‘दुःख गिळा आणि कामाला लागा’ एवढंच काढतो. त्यांना रात्री झोप लागत होती का, हे विचारायला कुणी गेलं होतं का?)

सासूबाईंवर मात्र रागावू नका. त्यांचा एक मुलगा गेला आहे, आणि उरलेल्या मुलावर त्या जाण्याचा आळ यावा, हे त्यांना पाहवत नाही. तुम्ही कागद दाखवलात तेव्हा त्या रडल्या, त्या रडण्यात दोघेही मुलगे होते. त्यांना सांगा, ‘आई, मी भांडण करणार नाही. पण माझ्या मनाला तारीख देऊ नका.’ त्यांना आज एवढं आश्वासन पुरेल.

आता मूळ प्रश्न. माफ केल्याशिवाय यातून सुटका नाही का?

मला हे उलटं वाटतं. तुम्ही लिहिलेली दुखणी पुन्हा वाचा. ॲम्ब्युलन्सचा आवाज. पहाटेची जाग. न उघडलेलं कपाट. दवाखान्याचा रस्ता टाळून लांबून जाणं. यात दीर कुठे आहेत? सायरन त्यांनी वाजवलेला नाही. उद्या तुम्ही त्यांना मनापासून माफ केलंत तरी तो आवाज आल्यावर तुमच्या हातून परात पडेलच. हा शोक आहे आणि आघात आहे, त्याचं स्वतःचं औषधपाणी असतं. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी २०२२ पासून लागू आहे, तिच्यात लांबलेल्या शोकाला स्वतंत्र जागा दिलेली आहे: सहा महिने उलटून गेल्यावरही ओढ आणि वेदना तशीच, रोजचं जगणं अडवणारी. त्याच वर्षी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनीही ते आपल्या ग्रंथात घेतलं. त्यांची मुदत एक वर्षाची. तुम्हाला तोच त्रास आहे असं निदान मी पत्रावरून करणार नाही. पण पाच वर्षं होत आली, तेव्हा दाखवायला हवं, एवढं नक्की म्हणेन.

शिवाय तुमच्या बाबतीत एक गोष्ट राहूनच गेली. आपल्याकडे माणूस गेला की घर भरतं. दहा दिवस बायका येऊन बसतात, कुणीतरी पिठलं-भात आणतं, तीच तीच हकिकत पन्नास वेळा सांगावी लागते. त्या वेळी त्याचा कंटाळा येतो. पण पन्नास वेळा सांगूनच ती कुठेतरी घडी होऊन बसते. तुमचं घर भरलंच नाही. शेवटचं दर्शन लांबून, पिशवीतलं. तेरावा चार माणसांत. बाकी सगळे फोनवर. तुमची हकिकत अजून कुणी पुरी ऐकलेली नाही. जी ऐकली गेली ती रिपोर्टची, यजमानांची नव्हे.

म्हणून एक सुचवते. येत्या २ मेच्या आसपास एका संध्याकाळी त्यांच्या दवा बाजारातल्या जुन्या सोबत्यांना, शाळेतल्या मित्रांना, तुमच्या बहिणींना घरी बोलवा. विधी नको, भाषणं नकोत. चहा, पोहे, आणि प्रत्येकानं एक आठवण. पाच वर्षांनी काय हे, असं कुणी म्हणणार नाही. अशी राहून गेलेली घरं या शहरात कमी नाहीत. मुलाला बाजूला बसवा. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता, बाप दुकानात कसा होता हे त्याला ठाऊकच नसेल.

रंगपंचमीला यजमान दरवर्षी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर जायचे, असंही तुम्ही लिहिलंत. २०२१ मध्ये गेर निघालीच नाही. २०२२ पासून पुन्हा निघते आणि तुम्ही त्या दिवशी खिडक्या लावून बसता. पुढच्या खेपेला एक खिडकी उघडी ठेवा. त्याच्या पुढल्या वर्षी गल्लीच्या तोंडापर्यंत जा. कपाटाचंही तसंच: एक कप्पा, एका रविवारी, बहीण सोबत असताना. आघातावर काम करणारे तज्ज्ञही याच चालीनं नेतात, थोडं थोडं आणि हात धरून. एकटीनं एका दमात करू नका.

तज्ज्ञ शोधताना आधी विचारा की शोक आणि आघात यांचं काम त्यांनी केलं आहे का. सरकारी रुग्णालयांतल्या मानसोपचार विभागात जायला लाजू नका. आणि रात्री तीनला कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जो समुपदेशक पहिल्याच बैठकीत ‘माफ करून टाका’ म्हणेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. ही माझी लहर नाही. माफीवर आयुष्य घालवलेले अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांनी जो मार्ग आखला, त्याचा पहिला टप्पाच मुळी राग उघडा करून बघण्याचा आहे.

दुसरे एक, एव्हरेट वर्थिंग्टन. हे माफीवर अभ्यास करत होते आणि १९९६ च्या नववर्षाला चोरीसाठी घरात शिरलेल्या कुणीतरी त्यांच्या आईचा खून केला. अभ्यास असा अंगावर आलेला माणूस बोलतो तेव्हा मी जास्त लक्ष देऊन ऐकते. ते माफीचे दोन भाग करतात: निर्णयाची आणि भावनेची. सूड घेणार नाही, माणसासारखं वागवीन, हा निर्णय एका दिवसात होऊ शकतो. आतला कढ निवणं ही वेगळी गोष्ट, ती आपल्या गतीनं येते. ताई, या हिशेबानं पाहिलं तर तुम्ही पहिली माफी केव्हाच दिली आहे. पाच वर्षं एकाच घरात राहिलात, तो कागद गल्लीत नाचवला नाहीत, पुतणीला वाकडा शब्द बोलला नाहीत. दुसरी येत नाही म्हणून स्वतःला पापी समजत बसला आहात.

व्यवहाराचं दोन ओळींत. काही वाचक म्हणतील, पोलिसांत का गेल्या नाहीत. निष्काळजीपणानं रोग पसरवल्याचं कलम होतं, पण त्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंतची, आणि अशा गुन्ह्याची दखल घ्यायची मुदत एक वर्षाची. ती वाट राहिलेली नाही. दुसरं, आगाऊपणा वाटला तरी विचारते: घर कुणाच्या नावावर आहे? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं यजमानांच्या मिळकतीत तुम्ही, मुलगा आणि सासूबाई पहिल्या वर्गाचे वारस आहात, सारख्या वाट्याचे. लग्नाच्या गडबडीत ‘आता सगळं गोड झालं’ म्हणून कुणी कागद पुढे केला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. माफी आणि हक्कसोड एका ताटात वाढायचे पदार्थ नाहीत.

आता केळवण. बोलवणं म्हणजे माफ करणं नाही. पुतणी तेव्हा वीस वर्षांची होती, तिनं तुमचं काही घेतलेलं नाही, आणि ती काकूच्या हातचं मागते आहे. तिला जेवायला घालायचं मनात असेल तर घाला, फक्त तिच्यासाठी. दीर खाली येऊन बसणं सोसणार नसेल तर केळवण मुलीचं आणि तिच्या मैत्रिणींचं करा. हल्ली तसं सर्रास करतात, कुणाला खटकणार नाही. अगदीच नको वाटलं तर अहेर पाठवा आणि बरं नाही म्हणा. खरंच बरं नाही तुम्हाला.

राहिला त्यांच्याशी बोलण्याचा प्रश्न. मला विचाराल तर बोलावं, पण लग्नाआधी नको. घरात मांडव असताना असलं बोलणं काढलं की सगळे मिळून तुम्हालाच गप्प करतील. लग्न होऊन पाहुणे गेले, पंधरा दिवस गेले, की त्यांना खाली बोलवा, सासूबाईंना बाजूला बसवा किंवा तुमच्या भावाला. कागद समोर ठेवा आणि एकच विचारा: ‘भाऊजी, हे तुम्हाला केव्हा कळलं?’ मारलंत का, हे विचारू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडेही नाही. ते चिडतील, नाकारतील, उठून जातील, ही तयारी ठेवा. ढसाढसा रडतील, तीही ठेवा. कारण मग सगळे त्यांना सावरायला धावतील आणि तुम्ही तशाच उभ्या राहाल. म्हणून तुमचं माणूस जवळ हवं. काहीही झालं तरी त्या खोलीत ‘माफ केलं’ म्हणायची घाई करू नका. ‘ऐकलं मी’ एवढं पुरे.

मुलाला त्याआधी सांगा. एकोणीस वर्षांचा आहे. भांडणातून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे. दोन्ही तारखा सांगा, दाराशी टाकलेली खुर्ची सांगा, इंजेक्शनची रात्रही सांगा, आणि कुठलं कधीच कळणार नाही तेही. त्यानं काकांबद्दल काय ठरवायचं ते तो ठरवील.

हे वाचणाऱ्यांत काही जण त्या वरच्या मजल्यावरचे असतील. त्यांनाही सांगते: ‘जर माझं काही चुकलं असेल तर’ हे वाक्य तोंडात आणू नका. ‘जर’ काढा. काय केलं ते नाव घेऊन सांगा, कारणं सांगू नका, आणि माफीची वाट बघत तिथं थांबू नका. आणि ज्यांना त्रास देणारा माणूस अजून त्रास देतो आहे, मारतो आहे, त्यांच्यासाठी यातलं काहीच नाही. त्यांनी आधी तिथून निघायचं, ११२ लावायचा. माफीचा विषय कुणी काढला तर तो माणूस कुणाच्या बाजूचा आहे ते बघायचं.

ताई, तो रिपोर्ट अजून ५० हजारांच्या मदतीच्या फाईलमध्येच आहे का? तिथून काढा, वेगळ्या पाकिटात ठेवा. यजमानांच्या कागदांत तो नको. आणि केळवण केलंत तर श्रीखंडाचा आग्रह कुणीही धरला तरी करू नका. सराफ्याच्या खाऊगल्लीतून मावाबाटी मागवा.